खोट्या अलार्मचा दंड कुणी भरायचा?

उत्तर_टेक्सासी

सिटीकडून ५० डॉलरचं बिल आलंय. पाण्याचं नव्हे, कचऱ्याचं नव्हे, 'फॉल्स अलार्म फी'चं. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. सध्या आई-बाबा आलेत. जेटलॅग गेला, पण बाबांची पहाटे चारची जाग काही जात नाही. ते उठतात, चहा टाकतात आणि कप घेऊन मागच्या अंगणात बसायला पॅटिओचं दार सरकवतात. झालं, चोरासाठी बसवलेल्या अलार्मचं पॅनल बोंबलायला लागतं. कोड त्यांना तोंडपाठ आहे, पण डोक्यावर सायरन वाजत असताना चष्मा शोधायचा की आकडे दाबायचे? अलार्मच्या सिग्नलवर लक्ष ठेवणारी मॉनिटरिंग कंपनी फोन लावते तो बायकोला. तिची हॉस्पिटलात रात्रपाळी, फोन लॉकरमध्ये. मी कामानिमित्त बाहेरगावी. कंपनी पोलिसांना कळवून मोकळी होते. मग दोन पोलीस टॉर्च घेऊन घराला प्रदक्षिणा घालतात आणि बाबा त्यांना चहा विचारतात.

वर्षभरात असं पुन्हा पुन्हा झालं, म्हणून बिल.

चिडून नियम वाचायला घेतले. टेक्सासच्या लोकल गव्हर्नमेंट कोडच्या २१४व्या प्रकरणात हा सगळा मामला आहे. अलार्मसाठी सिटी परमिट मागू शकते, पण घरासाठी त्याची फी वर्षाला ५० डॉलरच्या वर नेता येत नाही. मागच्या १२ महिन्यांत तीन खोटे अलार्म होऊन गेले असतील तर पुढच्यांना दंड लावता येतो. पायऱ्या ५०, ७५ आणि १०० डॉलरच्या. खोटा कशाला म्हणायचं तेही दिलंय: खबर नुसत्या यंत्राच्या सिग्नलवरून आलेली, कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, फोटो-व्हिडिओ नाही, आणि पोलिसांनी जागेवर जाऊन बघितलं तर काही घडलेलं नाही. दंड सगळा भरलेला असेल तर खोटे अलार्म फार झाले म्हणून घराला पोलीस पाठवणं सिटीला बंद करता येत नाही. हे एक बरंय.

दंडाबद्दल माझी तक्रार नाही. पोलिसांचा वेळ गेला, त्याची भरपाई कुणीतरी करायलाच हवी. पण पोलिसांना फोन मी केला नाही, बाबांनी केला नाही. केला कंपनीने, तोही एका नंबरवर रिंग देऊन. महिन्याचे पैसे तिला, पोलिसांना बोलवायचा निर्णय तिचा, आणि बिल माझ्या नावावर. तुमच्याकडे काय पद्धत आहे? आणि कंपनी बदलण्याखेरीज काही करता येण्यासारखं आहे का?


सदाशिवपेठी

पोलीस चहा प्यायले का ते लिहिलं नाहीत. बाकीचे प्रश्न दुय्यम आहेत.


वायरमन

अमेरिकेत बरीच वर्षं पॅनल बसवण्यात आणि दुरुस्तीत काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

चोर सोडून अलार्म वाजवणाऱ्यांत पहिला नंबर घरातल्यांचाच. पाहुणे, साफसफाईला येणारी मंडळी, कोड विसरलेला मुलगा, तुम्ही गावाला गेल्यावर कुत्र्याला फिरवणारा शेजारी. बिघडलेला सेन्सर त्यानंतर येतो. त्यामुळे तुमच्या बाबांना अपराधी वाटू देऊ नका, ते चारचौघांसारखेच आहेत.

तुमचं पॅटिओचं दार बहुतेक 'इन्स्टंट' झोनवर, म्हणजे उघडताच सायरन, असं टाकलेलं आहे. पुढच्या दाराला एंट्री डिले असतो, म्हणजे दार उघडल्यावर कोड दाबायला वेळ मिळतो. मागचं दार आणि खिडक्या बसवणारा माणूस सर्रास इन्स्टंटवर टाकतो, कारण चोर मागून येतो. ते दार एंट्री-एग्झिट झोनमध्ये बदलून घ्या. फोनवरूनही करून देतात.

दुसरं, तुमचं पॅनल सीपी-०१ प्रमाणे आहे का विचारा. खोटे अलार्म कमी व्हावेत एवढ्याचसाठी केलेलं हे मानक आहे. एंट्री डिले किमान ३० सेकंद, घराबाहेर पडायला किमान ४५ आणि नेहमीची सेटिंग ६०. यातली खरी कामाची गोष्ट म्हणजे ॲबॉर्ट विंडो. सायरन सुरू झाला तरी पॅनल कंपनीकडे सिग्नल पाठवायला १५ ते ४५ सेकंद थांबतं. तेवढ्यात कोड दाबला तर कंपनीला काही कळतच नाही. त्यानंतर पाच मिनिटांच्या आत दाबला तरी कंपनीकडे रद्द झाल्याचा सिग्नल जातो. लोकांना वाटतं सायरन वाजला म्हणजे पोलीस निघाले. तसं नसतं. बाबांना सांगा, वाजू दे, आधी चष्मा लावा, मग आकडे दाबा. त्याहून सोपं म्हणजे एक की-फॉब, म्हणजे छोटा रिमोट, घ्या आणि चहाच्या डब्याशेजारी टांगा. एक बटण, चष्मा नको.

आता गणपती येतील म्हणून आगाऊ सांगतो. मोशन सेन्सर हालचाल बघत नाही, तो भोवतालपेक्षा गरम किंवा गार काहीतरी समोरून सरकतंय का ते बघतो. मखराला लावलेल्या झिरमिळ्या एसीच्या झोतात आल्या की तो फसतो. वाढदिवसाचा हेलियमचा फुगा तर कुप्रसिद्ध आहे. पहिल्या दिवशी छताला चिकटून असतो तोवर काही नाही; दुसऱ्या दिवशी हवा कमी झाली की अर्ध्यावर येऊन खोलीभर हिंडतो, आणि तेव्हा घरात कुणी नसतं. एकदा एका घरात सगळं तपासलं, वायरिंग, बॅटरी, कॉन्टॅक्ट, सगळं ठणठणीत. शेवटी सेन्सरचं झाकण जवळून बघितलं तर लेन्सवर कोळ्याचं जाळं आणि त्यात कोळी. अगदी लेन्सला चिकटून चालला की तो सेन्सरला माणसाएवढा दिसतो.


काटेकोरांटी

वायरमन, मस्त प्रतिसाद. कोळ्याला दंड लावा.

एक शंका. आमच्याकडे फोडणीने वाजतो तो स्मोक अलार्म याच पॅनलला जोडलाय. तोही यात धरतात का?


वायरमन

त्याचा सिग्नल वेगळा जातो, फायर डिपार्टमेंटकडे, आणि त्याचे नियमही वेगळे. टेक्सासच्या ज्या पायऱ्या वर दिल्यात त्या बर्गलर अलार्मच्या. स्वयंपाकघराला लागून स्मोक डिटेक्टर असेल तर तो लांब सरकवा आणि आत हीट डिटेक्टर लावा. मोहरी तडतडल्याने हीट डिटेक्टर वाजत नाही.


कोपऱ्यावरचा_वाचक

दंड का आला हे समजून घ्यायचं तर आकडे बघा. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या कॉप्स ऑफिसने पोलिसांसाठी खोट्या अलार्मवर एक मार्गदर्शिका काढलीय. तिच्यात २००२ सालचा अंदाज आहे: देशभरात सुमारे ३ कोटी ६० लाख अलार्म, आणि पोलिसांचा त्यावरचा खर्च १८० कोटी डॉलर. त्यातले ९४ ते ९८ टक्के खोटे. एकेका कॉलला साधारण २० मिनिटं जातात आणि बहुतेक वेळा दोन पोलीस लागतात. आकडे जुने आहेत, पण प्रमाण बघा.

म्हणजे ज्याच्या घरी अलार्म नाही तोही आपल्या टॅक्समधून अलार्मवाल्याची राखण करतोय. दंड लावणं हा त्यावरचा सगळ्यात सौम्य उपाय. काही शहरं याच्या कितीतरी पुढे गेली. लास वेगासने १९९१मध्येच ठरवलं की नुसत्या सिग्नलवर पोलीस जाणार नाहीत, आधी कुणीतरी खात्री करा. सॉल्ट लेक सिटीने २०००च्या डिसेंबरमध्ये तेच केलं. तिथे आधी कंपनीचा खासगी गार्ड जाऊन बघतो. काच फुटलीय, दार उचकटलंय असं दिसलं तर पोलिसांना बोलावतो. पोलिसांकडे येणारे अलार्मचे कॉल ९० टक्क्यांच्या आसपास घटले. मिलवॉकी २००४मध्ये त्याच वाटेने गेलं.

उत्तर_टेक्सासी, तुम्ही दंड कुणी भरायचा म्हणून विचारताय. या शहरांनी पोलीस पाठवायचेच कशाला, असा प्रश्न केला.


पावसाळी_सिॲटल

आमच्याकडे तेच झालंय. १ ऑक्टोबर २०२४पासून सिॲटल पोलीस नुसत्या सेन्सरच्या सिग्नलवर येत नाहीत. आवाज, व्हिडिओ, पॅनिक बटण किंवा प्रत्यक्ष पाहणारा माणूस, यातलं काहीतरी हवं. पोलिसांनी कारण दिलं ते असं: २०२३मध्ये अलार्म कंपन्यांकडून सुमारे १३,००० कॉल आले आणि त्यातल्या ४ टक्क्यांहून कमी ठिकाणी खरोखर गुन्हा निघाला.

निर्णय आला तेव्हा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भडका उडाला होता. मग ज्याने त्याने कॅमेरे लावले. आता प्रत्येक दारावर कॅमेरा आहे, आणि कुरियरवाला कुठे थुंकला याची चर्चा ग्रुपवर चालते. पोलिसांचा वेळ वाचला असेल, आमचा गेला. शिवाय ज्याला कॅमेऱ्याचा प्लॅन परवडत नाही त्याच्या जुन्या अलार्मला आता नुसता आवाज उरलाय.


रात्रपाळी

सगळे घरवालेच बोलताय, दुकानवाल्याचंही ऐका.

डॅलसमध्ये आमचं छोटं दुकान आहे: दूध, बिअर, लॉटरी, सिगारेट. २००६मध्ये डॅलसने धंद्यांसाठी हाच नियम केला होता. खात्री झाल्याशिवाय पोलीस नाहीत. कोपऱ्यावरचा_वाचक, 'कुणीतरी खात्री करा' हे लिहायला सोपं आहे. तो कुणीतरी म्हणजे मी. रात्री तीनला कंपनीचा फोन, सेन्सर मागचं दार उघडं दाखवतोय. गार्डची सर्व्हिस घेतलेली नाही, कारण ती परवडत नाही. मग मीच गाडी काढायची, अंधाऱ्या गल्लीत दुकानाच्या मागे जायचं आणि आत कुणी आहे का ते बघायचं. या देशात आतल्या माणसाकडे बंदूक असू शकते. बायको गाडीत बसून ९११ तयार ठेवायची.

धंदेवाल्यांनी आरडाओरडा केला आणि पुढच्याच वर्षी, २००७मध्ये, डॅलसने तो नियम मागे घेतला. माझ्या मते बरोबर केलं. दंड लावा, चढता लावा, मी भरतो. पण माणूस पाठवा.

आणि हो, ते ९८ टक्के खोटे वगैरे ठीक आहे. उरलेल्या दोन टक्क्यांत तुम्ही सापडलात की टक्केवारी आठवत नाही.


कोपऱ्यावरचा_वाचक

रात्रपाळी, तुमच्या जिवाची काळजी रास्त आहे. पण पॅनिक बटण किंवा दरोड्याचा अलार्म या शहरांनी खात्रीच्या अटीतून बाहेर ठेवला. माणूस आत आहे आणि त्याने स्वतः बटण दाबलं तर पोलीस लगेच येतात. वाद आहे तो बंद, रिकाम्या दुकानातल्या सेन्सरचा. आणि त्यासाठी एक हजार ठिकाणी फुकट हेलपाटा घातला की ज्याच्या दुकानात खरंच चोर शिरलाय त्याच्याकडेही गाडी रमतगमतच येते. 'लांडगा आला रे आला' लहानपणी सगळ्यांनी ऐकलंय.


रात्रपाळी

गोष्टीत लांडगा शेवटी खरोखर येतो, एवढं विसरू नका.


अटलांटाचा_अव्या

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाला थेट उत्तर आमच्याकडे मिळालंय. अटलांटाच्या उत्तरेला सँडी स्प्रिंग्ज नावाची सिटी आहे. तिने दंडाचं बिल घरमालकाऐवजी अलार्म कंपनीच्या नावाने फाडायला सुरुवात केली. युक्तिवाद साधा: पोलिसांना फोन कंपनी करते, तर खोट्या फोनचे पैसेही तिनेच द्यावेत. कंपन्यांच्या संघटनेने सिटीला फेडरल कोर्टात खेचलं. आमच्या ग्राहकाच्या चुकीचा दंड आम्हाला लावणं घटनेविरुद्ध आहे म्हणाले. खालच्या कोर्टाने दावा फेटाळला, आणि २०२०मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ते कायम केलं. दरम्यान २०१९पासून सिटीने आणखी एक पाऊल टाकलं: आवाज, व्हिडिओ किंवा प्रत्यक्ष पाहणी, यांपैकी एकाने खात्री झाल्याशिवाय कंपनीने पोलिसांना बोलवायचंच नाही.

मला यात एकच गोम दिसते. कंपनीला दंड झाला तर तो ती स्वतःच्या खिशातून थोडीच भरणार? आज ना उद्या महिन्याच्या बिलात येणार. फरक एवढाच की मग कंपनीला दुसरा नंबर फिरवायचा कंटाळा परवडत नाही.


उत्तर_टेक्सासी

अव्या, हेच तर हवं होतं! दुसरा नंबर फिरवायचा कंटाळा. आमच्या प्रकरणात सगळं घोडं तिथेच अडलं. पहाटे चारला घरातल्या लँडलाइनवर फोन केला असता तर बाबांनी उचलला असता आणि पासवर्डही सांगितला असता.


अटलांटाचा_अव्या

दोन फोनची पद्धत कंपनीकडे मागून घेता येते. पहिला नंबर उचलला नाही तर पोलिसांआधी दुसऱ्या वेगळ्या नंबरवर फोन करायचा. फ्लोरिडात तर राज्याच्या कायद्यातच आहे की पोलिसांना कळवायच्या आधी कंपनीने त्या जागेशी जोडलेल्या नंबरवर फोन करायचा, आणि पहिला फोन उचलला गेला नाही तर खात्रीचा आणखी प्रयत्न करायचा. तुमच्या अकाउंटवर लँडलाइन पहिली आणि बायकोचा नंबर दुसरा टाका. फुकट काम आहे.


लीड्सवासी

इंग्लंडची रीत वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त शहाणी.

इथे घराचा अलार्म थेट पोलिसांपर्यंत पोचायचा तर त्या सिस्टिमला पोलिसांकडून एक युनिक रेफरन्स नंबर लागतो. तो मिळतो मान्यताप्राप्त कंपनीने मानकांप्रमाणे बसवलेल्या आणि मॉनिटर केलेल्या सिस्टिमलाच. शिवाय एक सेन्सर वाजून भागत नाही. एका सेन्सरमागोमाग दुसरा वेगळा सेन्सर वाजला, म्हणजे आधी दार आणि मग हॉलमधला मोशन, किंवा कॅमेऱ्यात-आवाजात काही सापडलं, तर तो 'कन्फर्म्ड' अलार्म. तुमच्या बाबांनी दार उघडलं आणि ते बाहेर जाऊन बसले असते, तर इथे तो एकच सेन्सर. पोलीस आलेच नसते.

दंडाची भानगड इथे जवळपास नाही. त्याऐवजी १२ महिन्यांत तीन खोटे कॉल झाले की पोलीस त्या घराच्या अलार्मला प्रतिसाद देणं बंद करतात. सुधारणा करून दाखवा, मग पुन्हा सुरू. पैसे भरून सुटका नाही. श्रीमंताला ५० डॉलरचं काय, पोलीस येणार नाहीत म्हटलं की तो इन्स्टॉलरच्या मानगुटीवर बसतो. साधा घंटा-अलार्म लावला असेल तर पोलीस सिग्नलवर येतच नाहीत; शेजाऱ्याने काच फुटताना पाहिलं म्हणून ९९९ला फोन केला तरच.

आता आवाजाचं. बाहेरची घंटा २० मिनिटांत आपोआप बंद व्हावी असा इथला संकेत आहे. २००५च्या क्लीन नेबरहुड्स अँड एन्व्हायर्नमेंट ॲक्टने कौन्सिलला आणखी हत्यार दिलं. कौन्सिल एखादा भाग 'अलार्म नोटिफिकेशन एरिया' म्हणून जाहीर करू शकते. तिथल्या अलार्मवाल्याने चावी ठेवणाऱ्या माणसाचं नाव-नंबर कौन्सिलला कळवायचं. सलग २० मिनिटांच्या वर किंवा थांबून थांबून तासाभराच्या वर अलार्म केकाटत राहिला, शेजाऱ्यांना त्रास होतोय आणि चावीवाला सापडत नाही, तर कौन्सिलचा अधिकारी आवारात शिरून तो बंद करू शकतो. बळजबरीने शिरायचं असेल तर मॅजिस्ट्रेटचं वॉरंट लागतं.


सराफगल्ली

लीड्सवासींचा चावीवाल्याचा नियम वाचून डोळ्यांत पाणी आलं.

खानदेशातल्या एका सराफ गल्लीत आमचं घर आहे. खाली दुकानं, वर माणसं राहतात. प्रत्येक शटरला सेन्सर आणि वर हूटर. रात्री लाइट जाते आणि परत येते, की कुठलातरी हूटर सुरू. कारण आतली बॅटरी कधीच मेलेली असते, लाइट आली की पॅनल नव्याने जागं होतं आणि शटर हललं असं समजतं. नाहीतर उंदीर. ऑटो डायलर शेठला फोन लावतो. शेठ लग्नाला गेलेले, डीजेसमोर, त्यांना काय ऐकू येणार. दिवाळीत फटाक्यांच्या धमाक्याने शटर थरथरलं की एकावेळी चार-पाच दुकानं सूर लावतात.

११२ला फोन केला. गाडी आली, तक्रार नाही. हवालदारसाहेबांनी कुलूप ओढून पाहिलं, टॉर्च मारला, 'शेठचा नंबर आहे का' म्हणाले. कुणाकडेच नाही. शटर तोडता येत नाही, हूटर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर जाळीत. ते निघून गेले आणि हूटर सकाळी नोकर येईपर्यंत चालू. ध्वनिप्रदूषण नियम २०००चे आहेत, रहिवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ते लाऊडस्पीकर आणि मिरवणुका डोळ्यांसमोर ठेवून वापरले जातात. हूटरवाल्याला कुणी विचारत नाही.

आणि खरी गंमत ऐका. आता गल्लीत हूटर वाजला तर कुणी खिडकीही उघडत नाही. चोराला आयतंच. मी व्यापारी मंडळाला एवढंच सुचवलं की प्रत्येक शटरवर दोन माणसांचे मोबाइल नंबर रंगवा, आणि हूटरला टायमर लावा. नंबर रंगवायला विरोध झाला, चोराला मालक कुठे आहे ते कळेल म्हणे!


लीड्सवासी

मग शटरवर नको, पोलीस ठाण्यात वहीत द्या. इथेही नंबर दारावर लावत नाहीत, कौन्सिलकडे असतो. बीटचा हवालदार आणि मंडळाचा सेक्रेटरी, दोघांकडे यादी असली की झालं.


सराफगल्ली

हे जमेल. मांडतो.


बी_विंग_सेक्रेटरी

पुण्याहून. आमच्याकडे चोराचा नव्हे, आगीचा अलार्म. पण दुखणं तेच, म्हणून इथेच लिहिते.

आमची इमारत उंच आहे. प्रत्येक मजल्याच्या लॉबीत स्मोक डिटेक्टर, तळमजल्याला पॅनल, सगळीकडे हूटर. कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे पेस्ट कंट्रोलचा धूर, कुणी टाइल्स कापतंय. रोज वाजायचा. आता सिक्युरिटीवाले भैय्या रात्रपाळीला आले की आधी पॅनलवर हूटर सायलेन्स करून टाकतात. मी जाऊन बघितलं तर पॅनलच्या काचेवर एक चिठ्ठी चिकटवलेली: 'वाजला तर हे बटन दाबणे', आणि बाण. वर चौदाव्या मजल्यावर डिटेक्टरला प्लास्टिकची टोपी. फर्निचरचं काम चालू होतं तेव्हा घातलेली. त्या घरातलं फर्निचर जुनं व्हायला आलं, टोपी तशीच.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं फॉर्म 'बी' द्यावं लागतं. आमचं वेळेवर जातं. त्या कागदावर ती टोपी दिसत नाही. मीटिंगमध्ये बोलले तर दोन सभासद म्हणाले, 'मॅडम, वाजतो तेव्हा त्रास तुम्हालाही होतोच ना?' यावर काय बोलणार?


वायरमन

सेक्रेटरीबाई, चिठ्ठी आजच्या आज काढा. तिच्या जागी तीन ओळी लिहा: आधी पॅनलवर कुठला मजला दाखवतोय ते वाचा, त्या मजल्यावर माणूस पाठवा, तो फोनवर 'आग नाही' म्हणाला तरच सायलेन्स. धूर दिसला तर १०१.

मग देखभालीचं कंत्राट असलेल्या एएमसीवाल्याला बोलवा आणि नुसतं सर्व्हिसिंग नको, पॅनलचा इव्हेंट लॉग काढून मागा. कुठला डिटेक्टर कितीदा वाजला ते त्यात असतं. अनुभव असा की सगळा गोंधळ मोजक्या चार-सहा डिटेक्टरांचा असतो, बाकीचे बिचारे गप्प असतात. त्या चार-सहांची जागा बदला, साफ करा किंवा मॉडेल बदला. धूर एकदा जाणवल्यावर पॅनल डिटेक्टर रिसेट करून पुन्हा खात्री करतं, अशी 'अलार्म व्हेरिफिकेशन'ची सोय बऱ्याच पॅनलमध्ये असते, ती चालू आहे का विचारा. आणि काम काढणाऱ्या फ्लॅटकडून डिपॉझिट घेताच, त्याच फॉर्मवर टोपी घातल्याची आणि काढल्याची तारीख लिहून घ्या. काढलेली टोपी हातात दिसल्याशिवाय डिपॉझिट परत नाही.


बी_विंग_सेक्रेटरी

डिपॉझिटची आयडिया एकदम पुणेरी आहे. चालणार.


सदाशिवपेठी

आमचा अभिमान दुखावला गेला नाही, याची नोंद घ्यावी.


उत्तर_टेक्सासी

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल वाटलं नव्हतं.

पॅटिओचं दार एंट्री डिलेवर टाकून घेतलं, कंपनीच्या माणसाने फोनवरूनच केलं. लँडलाइन पहिला नंबर, बायको दुसरा, मी तिसरा. की-फॉब चहाच्या डब्याशेजारीच टांगलाय. आईने तो एकदा साखरेच्या डब्यात टाकला, पण ते जाऊ दे.

सिटीला अपील केलं. पैसे वाचावेत म्हणून कमी, जास्त करून विचारायला, की कंपनीने किती नंबर फिरवले याची नोंद तुम्ही मागता का. खिडकीवरच्या बाईंनी सभ्यपणे सांगितलं, परमिट तुमच्या नावावर आहे, कंपनीच्या नाही. म्हणजे सँडी स्प्रिंग्जसारखं काही हवं असेल तर सिटी कौन्सिलच्या सभेत जाऊन बोलावं लागेल. तिथे दर मीटिंगला नागरिकांसाठी तीन मिनिटं असतात. रात्रपाळी, तुम्ही आमच्या सिटीत नाही म्हणून, नाहीतर समोरच्या बाजूने बोलायला तुम्हीच आला असतात.


रात्रपाळी

आलो असतो आणि नंतर तुमच्याकडे चहाला थांबलोही असतो. तीन मिनिटांत एकच मागा: पोलिसांआधी दोन फोन सक्तीचे. कंपन्याही फार भांडणार नाहीत, दुकानवाल्यालाही पोलीस मिळतील. खात्रीचा नियम मात्र मागू नका.


कोपऱ्यावरचा_वाचक

दोन फोन मान्य. बाकीच्यावर मी आणि रात्रपाळी वेगळा धागा काढतो.